‘गुण कमी का?’ या एका प्रश्नासाठी घेतलेली मुलाखतीची शिकवणी: एक परीक्षण

नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे तीन सत्रांचे पॅकेज मी अलीकडे वापरले. ते घेण्यामागे माझे कारण एकच होते: गुणपत्रिकेवरील कमी गुणांविषयी कोणी विचारले की मुलाखतीत माझी जी त्रेधा उडत असे, तिच्यावर काही इलाज सापडतो का, हे मला पाहायचे होते. पगाराची बोलणी, रेझ्युमेची मांडणी, समूहचर्चा अशा इतर गोष्टीही ही सेवा शिकवते; परंतु त्या मी जवळजवळ वापरल्याच नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी बरेवाईट लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझी स्थिती थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षी माझे दोन विषय राहिले आणि त्यांपैकी एक सांख्यिकी होता. पुढच्या वर्षी दोन्ही सुटले, शेवटच्या वर्षाचे गुणही बरे आले, पण एकूण टक्केवारीत ते बरे गुण बुडून गेले. मी ज्या पदांसाठी अर्ज करते ती आकडेवारीच्या विश्लेषणाची असतात, तेव्हा नेमके सांख्यिकीतले अपयश समोरच्याच्या नजरेत भरावे यात नवल नाही. ही सेवा घेण्यापूर्वीच्या दोन मुलाखतींत हा प्रश्न आला होता. पहिल्या वेळी मी आजारपण, ऐनवेळी बदललेला अभ्यासक्रम आणि उत्तरपत्रिकांची कडक तपासणी असे सगळे सांगत सुटले, इतके की मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी मध्येच पेन खाली ठेवले. दुसऱ्या वेळी शहाणपण सुचल्यासारखे वाटून मी ‘गुण म्हणजेच सर्व काही नसते’ एवढे एकच वाक्य म्हणाले आणि गप्प बसले. त्या मुलाखतीत पुढे फारसे कोणी काही विचारलेच नाही.

नोंदणी, वेळ ठरवणे, पैसे भरणे हे सारे विनासायास झाले. पॅकेजमध्ये आरंभीची एक प्रश्नावली, नमुना उत्तरांची पुस्तिका, प्रत्येकी ४५ मिनिटांची तीन सरावसत्रे आणि त्यांचे रेकॉर्डिंग, आपल्या उत्तरांना गुण देणारे एक ॲप आणि शेवटी लेखी अहवाल, अशा पाच गोष्टी मिळतात. या पाचांचा दर्जा इतका विषम आहे की एकाच संस्थेने त्या तयार केल्या असतील यावर विश्वास बसू नये.

प्रश्नावली मला अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली वाटली. ती एकूण टक्केवारी विचारतच नाही. पदवीच्या प्रत्येक सहामाही सत्राचे गुण वेगवेगळे मागते आणि त्यांचा आलेख काढून दाखवते. माझे गुण इतकी वर्षे मी एकच एक आकडा म्हणून डोक्यावर वाहत होते. आलेखात मात्र बऱ्यापैकी चाललेली रेषा तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात खड्ड्यात उतरते आणि पाचव्यापासून पुन्हा वर चढते, हे स्पष्ट दिसले. खड्डा तोच होता, पण त्याला अलीकडचा आणि पलीकडचा काठ आहे हे दिसल्यावर त्याविषयी बोलण्याची भीती थोडी कमी झाली. प्रश्नावलीतील दुसरी गोष्ट म्हणजे, गुण कमी पडण्याचे कारण लिहिण्यासाठी दिलेल्या चौकटीत २५ शब्दांहून अधिक मजकूर मावत नाही. मला ती अडवणूक वाटली आणि मी सेवेच्या मदत विभागाला तसे पत्रही लिहिले. पहिल्या सत्रानंतर ते पत्र लिहिल्याचे मला वाईट वाटले.

पुस्तिकेविषयी मात्र मला कठोरपणेच लिहावे लागेल. तिच्यात ४० नमुना उत्तरे आहेत आणि त्यांपैकी बहुतेक उत्तरे दोन-तीन साच्यांतून काढलेली आहेत. ‘मी अभ्यासेतर उपक्रमांत इतकी गुंतले होते की…’, ‘मला पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष ज्ञानात अधिक रस आहे…’, ‘माझ्या मते गुणांवरून माणसाची पारख होत नाही…’ अशी ती वाक्ये आहेत. मुलाखत घेणाऱ्या माणसाने ही वाक्ये शेकडो वेळा ऐकलेली असणार. शिवाय समोर बसलेल्या व्यक्तीने स्वतः रात्र-रात्र जागून चांगले गुण मिळवलेले असण्याची शक्यता बरीच असते. तिला आपण पाठांतर हे ज्ञान नव्हे असे ऐकवणे म्हणजे तिच्याच घरात बसून तिची उणी काढण्यासारखे आहे.

त्याहून आक्षेपार्ह गोष्ट ही की, पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात ‘आता कंपन्या गुण पाहत नाहीत’ असे ठासून सांगितले आहे आणि त्यासाठी अर्धीच माहिती दिली आहे. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितले होते की, नोकरभरतीचा निकष म्हणून महाविद्यालयीन गुण निरुपयोगी आहेत. पुस्तिका इथेच थांबते. बॉक यांनी त्याच दमात एक अपवाद सांगितला होता: नुकत्याच पदवी घेतलेल्या उमेदवारांच्या बाबतीत गुण आणि काम यांच्यात थोडासा संबंध आढळतो. ही पुस्तिका विकत घेणारे बहुतेक जण नेमके त्याच अपवादात मोडतात. दुसरे उदाहरण अर्न्स्ट अँड यंग या लेखासंस्थेचे दिले आहे. या संस्थेने २०१५ मध्ये ब्रिटनमधील आपल्या भरतीतून पदवीच्या श्रेणीची किमान अट काढून टाकल्याचे जाहीर केले, हे खरेच आहे. पण शैक्षणिक कामगिरी विचारात घेतली जाईलच, फक्त ती दारातच अडवणारी अट राहणार नाही, असेही तेव्हाच सांगितले होते आणि चाळणीसाठी संस्थेने स्वतःच्या ऑनलाइन चाचण्यांवर भर दिला होता. अट गेली म्हणून प्रश्न गेला, असा अर्थ काढणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे. अमेरिकेतील महाविद्यालये आणि नियोक्ते यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहण्यांत गुणांची चाळणी लावणाऱ्या नियोक्त्यांचे प्रमाण २०१९ मधील सुमारे ७३ टक्क्यांवरून २०२३ मध्ये सुमारे ३७ टक्क्यांवर आले, हा आकडा पुस्तिकेत अभिमानाने छापला आहे. मीही तो वाचून क्षणभर सुखावले. मग लक्षात आले की, दर तीन नियोक्त्यांमागे एक जण तरी अजून चाळणी घेऊन बसलाच आहे.

मुळात हा प्रश्न अन्यायाचा आहे, ही पुस्तिकेची धारणाच मला पटली नाही. फिलिप रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’त गुण आणि नोकरीतील कामगिरी यांच्यावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांना प्रत्यक्ष आढळलेला सहसंबंध ०.१६ होता (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) आणि अभ्यासांतील मर्यादांसाठी दुरुस्ती केल्यावर तो ०.३० च्या घरात जात होता. पदवीनंतर जितका काळ लोटतो तितका हा संबंध क्षीण होतो, असेही त्यांना दिसले. याचा सरळ अर्थ असा की, गुण सर्वस्व नाहीत आणि शून्यही नाहीत. ज्या नियोक्त्याला माझ्याविषयी अन्य काहीच ठाऊक नाही त्याने गुणांविषयी विचारावे, हे रास्तच आहे, आणि हा प्रश्न रास्त आहे असे मनोमन मान्य केल्याशिवाय त्याचे उत्तर देताना आवाजातला आकस जात नाही.

आता पहिल्या सत्राविषयी, ज्याच्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. माझ्या वाट्याला आलेल्या मार्गदर्शिकेने अनेक वर्षे भरती विभागात काम केलेले होते. त्यांनी प्रास्ताविक न करता पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न टाकला आणि मी उत्तर दिले. रेकॉर्डिंग पाहिले तेव्हा ते उत्तर ३ मिनिटे ४० सेकंदांचे निघाले. त्यांनी माझे बोलणे जसेच्या तसे लिहून पडद्यावर मांडले आणि मला एकच काम दिले: ज्या वाक्यांचा कर्ता ‘मी’ आहे, ती वाक्ये अधोरेखित करायची. एकूण ३१ वाक्यांत अशी चार सापडली. उरलेल्या वाक्यांचे कर्ते अभ्यासक्रम, परीक्षक, ताप, वेळापत्रक आणि ‘परिस्थिती’ हे होते.

‘तुमचा विषय राहिला, असं तुम्ही तीनदा म्हणालात,’ त्या म्हणाल्या. ‘तो कुठे राहिला? आणि तो राहत होता तेव्हा तुम्ही काय करत होता?’

मला हसू आले, पण मुद्दा जिव्हारी लागला. आपल्या भाषेत अपयशाला लपायला जागा पुष्कळ आहेत. विषय राहतो, गुण कमी पडतात, पेपर अवघड जातो, अभ्यासाकडे दुर्लक्ष होते. या सगळ्यांत माणूस कुठेच नसतो, सारे कसे आपोआप घडत जाते. आपण रोज असेच बोलतो आणि त्यात कोणाला लबाडी वाटत नाही. पण मुलाखतीत समोरचा नेमका त्या गायब झालेल्या कर्त्याच्या शोधात बसलेला असतो. मार्गदर्शिकेने मला प्रत्येक वाक्य पुन्हा बांधायला लावले. ‘विषय राहिला’ याचे ‘मी नापास झाले’ करायला मला जो वेळ लागला, तो मी इथे लिहिणार नाही.

कर्ता सापडल्यावर मी उत्साहाच्या भरात दुसऱ्या टोकाला गेले आणि म्हणाले, ‘मी तेव्हा फार आळशी होते.’ त्यांनी लगेच थांबवले. ‘आळशी हे तुमचं स्वतःविषयीचं मत झालं. ते ऐकून मी काय करू? तुम्ही काय केलंत किंवा काय केलं नाहीत, ते सांगा.’ या प्रश्नावर मी पुष्कळ वेळ गप्प बसले, आणि मग जे बाहेर आले ते माझे मलाच नवे होते. मी सांख्यिकीची सूत्रे पाठ करत होते आणि सोडवलेली उदाहरणे वाचत होते. स्वतः कागदावर एकही उदाहरण सोडवत नव्हते. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटायचे आणि परीक्षेत पहिल्याच वळणावर गाडी अडायची. ज्या आजारपणाचा मी इतकी वर्षे दाखला देत आले ते खरे होते, पण ते पंधरा दिवसांचे होते आणि विषय हातचा गेला तो त्याच्यामुळे नव्हे.

आजारपण किंवा घरातील संकट हेच ज्यांच्या बाबतीत खरे कारण असेल, त्यांनी काय करावे, असे मी मुद्दाम विचारले. त्यावरचे त्यांचे उत्तर मला नेमके वाटले: ते एका वाक्यात सांगावे, तपशील आणि रोगनिदान सांगू नये, आणि ते संपले आहे की आटोक्यात आहे एवढे सांगून पुढे जावे. प्रकृतीविषयी खोदून विचारण्याचा अधिकार नियोक्त्याला सर्वत्र असतोच असे नाही. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्वविषयक कायदा आणि ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा या दोहोंनी नोकरी देऊ करण्यापूर्वी असे प्रश्न विचारण्यावर बंधने घातली आहेत. आपणहून सगळे उघड केले तर त्या संरक्षणाचा उपयोग उरत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही संकोचापलीकडे काही मिळत नाही.

दुसऱ्या सत्रापर्यंत माझे उत्तर असे झाले होते: ‘दुसऱ्या वर्षी मी सांख्यिकीत नापास झाले. मी सूत्रं पाठ करत होते, उदाहरणं सोडवत नव्हते. पुढच्या वर्षी मी रोज उदाहरणं सोडवून तो विषय काढला. शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प त्याच विषयावर उभा आहे आणि तो मी सोबत आणला आहे.’ हे म्हणायला अर्धे मिनिटही लागत नाही. मुलाखतीच्या उत्तरांसाठी परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम असा चार पायऱ्यांचा जो सर्वपरिचित आराखडा आहे, तोच इथे आहे. फरक एवढाच की, कमी गुणांच्या प्रश्नावर बहुतेक उमेदवार पहिल्या पायरीवरच मुक्काम ठोकतात. मार्गदर्शिकेच्या मते पहिल्या दोन पायऱ्यांना मिळून दोनच वाक्ये मिळाली पाहिजेत.

उत्तर आखूड का असावे, हे मला दुसऱ्या सत्रातच कळले, कारण त्या सत्रात मुख्य प्रश्न एकदाच आला आणि उपप्रश्न नऊ आले. रोज म्हणजे किती वेळ? कोणत्या प्रकारची उदाहरणे? तेव्हा मदत का मागितली नाही? आज नवे काही शिकताना तीच चूक होत नाही कशावरून? आणि मग अचानक: ‘सरासरी आणि मध्यक यांतला फरक मला कधी महागात पडेल, ते समजावून सांगा; मी गणित शिकलेली नाही असं समजा.’ मी पगाराचे उदाहरण दिले: दहा जणांच्या विभागात एकाचा पगार इतरांच्या वीसपट असेल तर सरासरी वर चढते आणि ती विभागातल्या कोणाचेच चित्र दाखवत नाही, मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र जागचा हलत नाही. त्या म्हणाल्या, ‘गुणपत्रिकेवरचा आकडा या एका मिनिटात जुना झाला.’

ही गोष्ट मला संपूर्ण पॅकेजमधील सर्वांत मोलाची वाटते. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील संकेतांविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याचे सार असे की, नियोक्त्याला उमेदवाराची कुवत थेट दिसत नसल्यामुळे तो दिसणाऱ्या खुणांवर भिस्त ठेवतो, आणि खूण तेव्हाच विश्वासार्ह ठरते, जेव्हा कुवत नसलेल्याला ती मिळवणे अधिक महाग पडते. ‘मी आता खूप मेहनती झाले आहे’ हे वाक्य कोणालाही फुकट म्हणता येते, म्हणून त्याला किंमत नाही. नापास झालेल्या विषयातला प्रश्न समोरासमोर सोडवून दाखवणे मात्र तो विषय न आलेल्याला जमणार नाही. गुणांच्या खुणेला उत्तर द्यायचे तर तितक्याच वजनाची दुसरी खूण पुढे ठेवावी लागते. खुलाशाने ते काम होत नाही.

स्वतःहून विषय काढावा की नाही, याबाबत मार्गदर्शिकेचा सल्ला असा होता की, गुण अर्जावर दिसत असतील आणि कोणी विचारले नसेल तर आपण ती जखम उघडू नये. पण बोलण्याच्या ओघात ते बाहेर येणारच असेल, तर समोरच्याने पकडण्यापूर्वी आपण सांगावे. न्यायालयाच्या संदर्भात, प्रतिपक्षाने बोलण्याआधी स्वतःच आपली कमजोरी सांगितल्यास तिचा परिणाम कमी होतो, असे १९९३ मध्ये विल्यम्स, बुर्जुआ आणि क्रॉयल यांनी ज्यूरीची भूमिका दिलेल्या लोकांवर केलेल्या प्रयोगांत दिसले होते. ज्यूरी आणि मुलाखत मंडळ ही एकच गोष्ट नव्हे, त्यामुळे मी या निष्कर्षाकडे दुरून पाहते. पण सेवेचा सल्ला त्याच्याशी जुळणारा आहे. खरेपणाच्या बाबतीत मात्र मार्गदर्शिकेने कोणतीही सवलत ठेवली नाही. गुण वरच्या पूर्णांकात नेऊन लिहू नयेत, केवळ मुख्य विषयांची टक्केवारी द्यायची असल्यास ती तशीच आहे हे शेजारी लिहावे, कारण निवडीनंतर गुणपत्रिका पडताळली जाते आणि तिथे सापडलेला अर्ध्या टक्क्याचा फरकही कमी गुणांपेक्षा महाग पडतो. याच सत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सर्व उमेदवारांना ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारण्याची पद्धत जिथे असते, तिथे गुणांचा प्रश्न सरळ येत नाही. ‘अपयशाचा एखादा प्रसंग सांगा’ असा वेष बदलून तो येतो, आणि तिथेही हेच उत्तर चालते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींचा जो फेरआढावा प्रसिद्ध केला, त्यात पुढील कामगिरीचा अंदाज देण्यात अशा आखीव मुलाखती सर्वांत वर होत्या, तेव्हा ही तयारी वाया जाण्यासारखी नाही.

ॲपविषयी थोडक्यात लिहिते. ते उत्तर देताना आपला चेहरा आणि आवाज टिपून ‘आत्मविश्वास गुण’ देते. पुस्तिकेतील एक खोटे उत्तर मी हसऱ्या चेहऱ्याने वाचून दाखवले, तेव्हा मला ८२ गुण मिळाले; माझे खरे उत्तर शांतपणे दिले, तेव्हा ६१. कमी गुणांचे ओझे घेऊन आलेल्या माणसाला पुन्हा एका यंत्राकडून कमी गुण देववण्यात कोणती शिकवण आहे, हे मला कळले नाही. मुलाखतींचे तंत्रज्ञान पुरवणाऱ्या हायरव्ह्यू या कंपनीनेदेखील उमेदवारांच्या मूल्यमापनातून चेहऱ्याचे विश्लेषण वगळल्याचे २०२१ च्या जानेवारीत जाहीर केले होते; या सेवेने मात्र ते हौसेने ठेवले आहे. मी ॲप दुसऱ्याच दिवशी काढून टाकले.

तिसऱ्या सत्राला दुसरेच मार्गदर्शक आले. आधीच्या मार्गदर्शिका उपलब्ध नसल्याचे मला सत्र सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी कळवण्यात आले. नव्या मार्गदर्शकांनी पहिल्या दोन सत्रांच्या नोंदी वाचलेल्या नव्हत्या. पहिली १२ मिनिटे माझी पार्श्वभूमी त्यांना सांगण्यात गेली, आणि माझे घासूनपुसून लहान केलेले उत्तर ऐकून त्यांनी ‘अभ्यासेतर उपक्रमांचा मुद्दा घाला’ असा पुस्तिकेतलाच सल्ला दिला. मी नाही म्हटल्यावर ते थोडे चिडले आणि त्या चिडीतून त्यांनी विचारले, ‘तुमच्याहून चांगले गुण असलेले उमेदवार बाहेर रांगेत उभे आहेत. मी तुम्हालाच का घेऊ?’ माझा घसा कोरडा पडला आणि मी काहीतरी असंबद्ध बोलले. प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्या सत्रातला तेवढा एक क्षण उपयोगी होता, कारण खऱ्या मुलाखतीतही असा प्रश्न गोड आवाजात येत नाही. त्याचे उत्तर मी नंतर घरी एकटीनेच शोधले: इतर उमेदवारांची तुलना आपण करू नये, ते आपल्याला ठाऊकच नसतात, या कामासाठी लागणाऱ्या एका नेमक्या गोष्टीकडे बोट दाखवून ती आपण कुठे केली आहे, तेवढे सांगावे. पैसे भरून घेतलेल्या सत्रात हे उत्तर मला शिकवले जायला हवे होते.

लेखी अहवाल सात दिवसांत येणार होता. तो सोळाव्या दिवशी आला, तोपर्यंत माझी प्रत्यक्ष मुलाखत होऊन गेली होती. अहवालात पहिल्या दोन सत्रांचा उल्लेख दोन ओळींत होता आणि बाकीचा मजकूर कोणालाही लागू पडेल असा होता. मी तक्रार केली, तेव्हा दिलगिरीचे पत्र तत्परतेने आले; सुधारित अहवाल अद्याप आलेला नाही.

त्या प्रत्यक्ष मुलाखतीत प्रश्न आठव्या-नवव्या मिनिटाला आला. मी चार वाक्ये बोलले आणि थांबले. थांबणे बोलण्यापेक्षा कठीण होते. समोरच्या बाई काही क्षण नुसत्या पाहत होत्या आणि ती शांतता भरून काढण्यासाठी आजारपणाची सगळी कथा माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. मग त्यांनी प्रकल्पाची फाइल मागितली, नमुना निवडीविषयी दोन प्रश्न विचारले आणि विषय पुढे गेला. त्या पदावर माझी निवड झाली नाही, कारण त्यांना एका वेगळ्या संगणकप्रणालीचा अनुभव असलेली व्यक्ती हवी होती. त्यानंतर महिन्याभराने जिथे माझी निवड झाली, तिथे गुणांविषयी कोणी विचारलेच नाही. तेव्हा या सेवेमुळे मला नोकरी मिळाली, असे मी म्हणू शकत नाही. सेवेच्या प्रतिनिधीने तसा अभिप्राय लिहून मागितला होता, तो मी दिला नाही.

हे पॅकेज कोणी घ्यावे, याबाबत माझे मत असे आहे. ज्यांचे गुण एखाद्या काळापुरते घसरले आणि नंतर सावरले, त्यांना पहिल्या दोन सत्रांतून पुष्कळ मिळेल. ज्यांची रेषा आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी खाली आहे, त्यांच्यासाठी या सेवेकडे फारसे काही नाही. प्रश्नावलीतील आलेख त्यांना दिलासा देत नाही आणि पुस्तिकेत त्यांच्या वाट्याला एक परिच्छेद आला आहे. त्यांनी हे पैसे आणि हा वेळ एखादे काम प्रत्यक्ष करून दाखवण्याकडे वळवलेला बरा, कारण मार्गदर्शिकेच्या पद्धतीप्रमाणे चौथ्या वाक्यात ठेवायला काहीतरी असल्याशिवाय पहिली तीन वाक्ये नुसता कबुलीजबाब ठरतात. ज्यांना नोकरीचा पाच-सात वर्षांचा अनुभव आहे, त्यांना तर हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

माझ्यासारखी स्थिती असलेल्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. संपूर्ण पॅकेज न घेता एकेक सत्र स्वतंत्रपणे घेता येते. ही सोय किमतींच्या यादीत दिसत नाही, पण मदत विभागाला लिहून विचारल्यास देतात. दोन सत्रे घेणार असाल तर तसे विचारताना दोन्हींना एकच मार्गदर्शक मिळेल, याची लेखी हमी आधी घ्यावी, आणि पहिल्या सत्रापूर्वी आपले उत्तर एकदा रेकॉर्ड करून, ‘मी’ हा कर्ता असलेली वाक्ये मोजून ठेवावीत, म्हणजे तो पाऊण तास मोजण्यात न जाता पुढच्या कामी येईल.